‘असतं तर’चं इंग्रजी : इफची वाक्यं न चुकता कशी करायची

माझा एक विद्यार्थी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायची मेल त्यानं एका संध्याकाळी क्लासला आणून दाखवली. त्यात हे वाक्य होतं : ‘इफ यू विल कन्फर्म द ऑर्डर टुडे, वी वुड हॅव डिस्पॅच द टॉवेल्स ऑन मंडे.’ एका ओळीत तीन चुका. आणि या मुलाला झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनलचा, म्हणजे ‘इफ’च्या अटीच्या वाक्यांच्या चार प्रकारांचा, तक्ता तोंडपाठ आहे, विचारलं की घडाघडा म्हणून दाखवतो.

तक्ता पाठ आहे आणि वाक्य चुकतंय, हे मी प्रत्येक बॅचला बघतो. तक्त्यात इंग्रजीचे साचे असतात. आपल्या मनात आलेलं मराठी वाक्य त्यातल्या कुठल्या साच्यात घालायचं, हे तक्ता सांगत नाही. म्हणून इथं सुरुवात मराठी वाक्यापासून केली आहे आणि साचे तिसऱ्या टप्प्यावर येतात. घाई करून थेट तिकडे जाऊ नका.

इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वाचताना प्रत्येक वाक्य वहीत रोमन लिपीत उतरवा. पेन हातात नसेल तर लेख नंतर वाचा.

आधीची तयारी

क्रियापदाची तीन रूपं, म्हणजे क्लासच्या भाषेत व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री, न अडखळता यायला हवीत. सगळी नकोत, रोजची तीस-चाळीस पुरेत. गो, वेन्ट, गॉन. बाय, बॉट, बॉट. कम, केम, कम. सेंड, सेंट, सेंट. पुट, पुट, पुट. ‘कम’ आणि ‘पुट’सारख्यांवर जास्त वेळ द्या, कारण तिसरं रूप पहिल्यासारखंच राहतं तिथंच मुलं नसलेलं ‘इडी’ चिकटवतात.

सोबत दोन गोष्टी पक्क्या करा. ‘विल’ आणि ‘वुड’नंतर क्रियापद मूळ रूपात येतं : वुड गो, विल सेंड. ‘वुड हॅव’नंतर तिसरं रूप येतं : वुड हॅव गॉन, वुड हॅव सेंट.

तपासा : ‘वुड हॅव’नंतर ‘डिस्पॅच’ येईल की ‘डिस्पॅच्ड’? उत्तर द्यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर आज इथंच थांबून रूपं पाठ करा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

टप्पा १ : मराठी वाक्याला ‘पण’ची शेपटी लावा

हा टप्पा कुणीच करत नाही आणि निम्म्याहून अधिक चुका इथूनच होतात. म्हणून इथं सावकाश जाऊ.

हे वाक्य घ्या : ‘पैसे असते तर मी ही चादर घेतली असती.’

नवी पेठेत दुकानासमोर उभं राहून, खिसा चाचपत, आत्ता या क्षणी तुम्ही हे म्हणू शकता. गेल्या दिवाळीत आवडलेली चादर आठवून आज घरी बसूनही अगदी हेच वाक्य म्हणाल. मराठीत एका अक्षराचा फरक पडत नाही. ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळतं, त्यामुळे आपण कधी विचारच करत नाही की ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

इंग्रजीत ती दोन वेगळीच आहेत. दुकानासमोरचं वाक्य : ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय धिस ब्लँकेट.’ गेल्या दिवाळीचं : ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट दॅट ब्लँकेट.’ मराठीत एकच ‘असतं’ दोन्हीकडे चालतं, इंग्रजीत दोन दारं आहेत आणि एक निवडावंच लागतं. आपण बहुतेक वेळा ‘घेतली असती’ ऐकून डोळे मिटून ‘वुड हॅव’ लावतो, कारण ‘असती’ला काहीतरी ‘हॅव’ लागेल असं वाटतं.

निवड कशी करायची? मराठी वाक्याच्या अटीला पुढं ‘पण’ची शेपटी लावायची. मोठ्यानं म्हणायची, अगदी परीक्षेतसुद्धा ओठातल्या ओठात.

‘पैसे असते तर घेतली असती, पण नाहीयेत.’ शेपटीत ‘नाहीये’ किंवा ‘नाहीयेत’ आलं : गोष्ट आत्ताची, कल्पनेतली. सेकंड कंडिशनल.

‘पैसे असते तर घेतली असती, पण नव्हते.’ शेपटीत ‘नव्हतं’ किंवा ‘झालं नाही’ आलं : गोष्ट होऊन गेली, आता बदलता येत नाही. थर्ड कंडिशनल.

‘पण’ बसतच नसेल आणि तोंडात ‘बघू’ येत असेल, तर गोष्ट खरोखर घडू शकते : ‘पाऊस आला तर तुळजापूरला जायचं नाही. बघू.’ फर्स्ट कंडिशनल.

आणि ‘दर वेळी असंच’ ही शेपटी बसली तर ती नेहमीची गोष्ट : ‘उन्हात पाणी कमी प्यायलं तर डोकं दुखतं. दर वेळी असंच.’ झिरो कंडिशनल.

एक जागा नाजूक आहे. ‘मला लॉटरी लागली तर मी जुळे सोलापुरात घर घेईन.’ मराठीत हे ‘पाऊस आला तर’सारखंच दिसतं. पण बोलणाऱ्याच्या मनात ‘बघू’ आहे की ‘पण कुठली लागतेय’? तिकीट खिशात असून खरंच आशा असेल तर फर्स्ट : ‘इफ आय विन.’ नुसतंच मनोराज्य असेल तर सेकंड : ‘इफ आय वन.’ इथं व्याकरण तुम्हाला विचारतं की तुमचा स्वतःचा किती विश्वास आहे. दोन्ही बरोबर आहेत, अर्थ वेगळा आहे.

तपासा : वहीत पाच मराठी वाक्यं लिहा आणि प्रत्येकापुढं फक्त शेपटी लिहा. इंग्रजी अजून करायचं नाही.

टप्पा २ : अटीच्या भागातून ‘विल’ आणि ‘वुड’ बाहेर काढा

इफच्या वाक्याचे दोन भाग : अट आणि परिणाम. आधी अटीचा भाग लिहा, कारण चुका तिथं जास्त होतात.

‘गरज असेल तर सांग.’ यातल्या ‘असेल’मुळे मुलं लिहितात, ‘इफ यू विल नीड हेल्प, टेल मी.’ चूक. ‘इफ यू नीड हेल्प, टेल मी.’ गोष्ट उद्याची असली तरी अटीत साधा वर्तमानकाळच येतो.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. ‘पाऊस आला तर’ या मराठी वाक्यात ‘आला’ हे रूप भूतकाळाचं आहे, मग हात आपसूक लिहितो : ‘इफ इट रेन्ड टुमॉरो, वी विल नॉट गो.’ आपल्या शहरात हा प्रश्न फक्त मराठी घरातल्या मुलांचा नाही. कानडीत ‘मळे बंदरे’ म्हणतात, तेही भूतकाळाच्याच रूपावर उभं आहे, त्यामुळे कानडी बोलणारी मुलं नेमकी हीच चूक करतात. तेलुगूतल्या ‘वान वस्ते’चं तसं नाही. तिथल्या मुलांचा गोंधळ मला बहुतेक वेळा ‘विल’चा दिसतो. तुमच्या घरात कुठली भाषा आहे ते ओळखा, म्हणजे तुमची चूक कुठून येते ते कळेल.

सावधान : ‘इफ’नंतर ‘विल’ कधीच येत नाही, असं मात्र पाठ करू नका. ‘तो येईल की नाही माहीत नाही’ याचं इंग्रजी ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे बरोबर आहे. इथला ‘इफ’ अटीचा नाही, ‘की नाही’चा आहे. ओळखायची खूण : ‘इफ’च्या जागी ‘वेदर’ ठेवून पाहा. बसलं तर ‘विल’ चालतं. शिवाय ‘इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल हिम’ अशा विनंतीत ‘विल’ म्हणजे ‘थांबायची तयारी असेल तर’. तेही बरोबर आहे, पण परीक्षेत स्वतःहून वापरू नका.

टप्पा ३ : आता साचे

शेपटी ठरली आहे आणि अटीत काय नको तेही माहीत आहे. आता साचा निवडायला अवघड नाही.

झिरो : दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ यात चुकण्यासारखं काही नाही. फक्त तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याच्या क्रियापदाचा ‘एस’ विसरू नका.

फर्स्ट : अटीत साधा वर्तमानकाळ, परिणामात ‘विल’ आणि मूळ रूप. ‘इफ इट रेन्स, वी विल नॉट गो टू तुळजापूर.’ परिणामात ‘विल’च हवं असं नाही. ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ चालतात, आज्ञाही चालते : ‘इफ यू मिस द हुतात्मा एक्सप्रेस, कॉल मी.’

सेकंड : अटीत व्ही टू, परिणामात ‘वुड’ आणि मूळ रूप. इथं व्ही टू भूतकाळ सांगत नाही, ‘हे खरं नाही’ एवढंच सांगतो. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, बसू द्या. ‘बी’चं रूप सगळ्या कर्त्यांना ‘वेअर’ : ‘इफ आय वेअर यू, आय वुड टेक द जॉब.’ बोलताना ‘इफ आय वॉज’ सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत आणि ऑफिसच्या पत्रात ‘वेअर’च लिहा.

थर्ड : अटीत ‘हॅड’ आणि व्ही थ्री, परिणामात ‘वुड हॅव’ आणि व्ही थ्री. ‘इफ वी हॅड लेफ्ट अर्ली, वी वुड हॅव कॉट द ट्रेन.’ ‘हॅव’चंच तिसरं रूप लागलं की ‘हॅड हॅड’ येतं. मुलं एक ‘हॅड’ खोडतात, छपाईची चूक समजून. खोडू नका. पहिलं ‘हॅड’ काळाचं, दुसरं ‘जवळ असण्याचं’.

सावधान : ‘इफ आय वुड हॅव नोन’ हे अमेरिकी बोलण्यात ऐकू येतं. ते ऐकून पेपरात उतरवलंत तर गुण जातील. ‘इफ आय हॅड नोन’ हेच लिहा.

आता मिश्र वाक्य. ‘तेव्हा इंजिनिअरिंग केलं असतं तर आज पुण्यात असतो.’ प्रत्येक भागाला वेगळी शेपटी लावा. अट : ‘पण केलं नाही.’ परिणाम : ‘पण आज नाहीये.’ म्हणून अट थर्डची आणि परिणाम सेकंडचा : ‘इफ आय हॅड डन इंजिनिअरिंग, आय वुड बी इन पुणे नाऊ.’ पुस्तकात याला वेगळा धडा असतो. शेपटीची सवय असेल तर त्या धड्याची फारशी गरज पडत नाही.

तपासा : सुरुवातीची मेल आठवा. ऑर्डर आज येऊ शकते, शेपटी ‘बघू’, म्हणून फर्स्ट. अटीतलं ‘विल’ गेलं. परिणामातलं ‘वुड हॅव’ जाऊन ‘विल’ आलं, आणि त्यानंतर मूळ रूप हवं म्हणून ‘डिस्पॅच’ आता योग्य जागी बसलं : ‘इफ यू कन्फर्म द ऑर्डर टुडे, वी विल डिस्पॅच द टॉवेल्स ऑन मंडे.’

धंद्याच्या पत्रात हा नुसता गुणांचा प्रश्न राहत नाही. ‘इफ यू कन्फर्म, वी विल डिस्पॅच’ हा शब्द दिल्यासारखा वाचला जातो. ‘इफ यू कन्फर्म्ड, वी वुड डिस्पॅच’ वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही नुसतं चाचपून बघताय. आणि ‘वुड हॅव डिस्पॅच्ड’ वाचून तो समजेल की संधी गेली, माल आता निघत नाही. माल गोदामात बांधून तयार असताना समोरच्यानं असं समजावं, हे मला फार लागतं. त्या मुलानं मेल दुरुस्त करून त्याच रात्री पाठवली.

टप्पा ४ : ‘तर’ दिसलं की ‘इफ’, असं करू नका

‘तर’ आणि ‘तरी’ यांत एका वेलांटीचा फरक आहे. ‘तो आला तर मी बोलेन’ : इफ. ‘तो आला तरी मी बोलणार नाही’ : इव्हन इफ. ‘तरी’ला नुसतं ‘इफ’ लावलं की अडथळ्याला न जुमानण्याचा अर्थच निघून जातो.

‘मी तर येणारच’ यात अट नाहीच. इथं ‘इफ’ लावू नका.

‘पोचलास की फोन कर.’ पोचणार हे नक्की आहे, म्हणून ‘व्हेन’. ‘इफ यू रीच’ लिहिलंत तर वाचणारा घाबरेल की पोचण्याचीच शंका आहे. ‘व्हेन’नंतरही भविष्यातल्या गोष्टीला ‘विल’ येत नाही : ‘व्हेन यू रीच, कॉल मी.’

आता ‘अनलेस’ आणि ‘अनटिल’. आपल्याकडे म्हणतात, ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही.’ या मराठी मांडणीला तो नकार लागतोच. मुलं तो जसाच्या तसा नेतात : ‘अनटिल यू डोन्ट कम, आय विल नॉट ईट.’ इंग्रजीत ‘अनटिल’च्या पोटात तो नकार आधीच आहे. ‘आय विल नॉट ईट अनटिल यू कम.’ ‘अनलेस’चंही तेच, त्यात ‘इफ’ आणि ‘नॉट’ दोन्ही आहेत : ‘अनलेस यू स्टडी, यू विल फेल.’

तपासा : ‘अनलेस’ किंवा ‘अनटिल’ लिहिलं की त्याच भागात ‘नॉट’, ‘डोन्ट’, ‘डझन्ट’ आहे का पाहा. असेल तर बहुतेक वेळा तो खोडायचा आहे.

टप्पा ५ : स्वल्पविराम, ‘देन’ आणि उलटी मांडणी

अट आधी आली तर तिच्यानंतर स्वल्पविराम. परिणाम आधी आला तर नाही. एवढाच नियम.

‘देन’बद्दल एक गंमतीची गोष्ट. मराठीत आपण ‘जर’ गाळतो आणि ‘तर’ ठेवतो : ‘पाऊस आला तर.’ इंग्रजीत उलट, ‘इफ’ ठेवतात आणि ‘देन’ गाळतात. म्हणून ‘तर’च्या सवयीनं प्रत्येक वाक्यात ‘देन’ घालू नका. ते चूक नाही, पण वाक्य जड होतं.

स्पर्धा परीक्षांत ‘इफ’ न वापरता वाक्य बदला, असा प्रश्न येतो. तिथं ‘हॅड’, ‘वेअर’ किंवा ‘शुड’ कर्त्याच्या आधी आणायचं : ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कम.’ ‘वेअर आय यू, आय वुड टेक द जॉब.’ ‘शुड यू नीड हेल्प, कॉल मी.’ अशी मांडणी केली की ‘इफ’ काढून टाका. दोन्ही ठेवलं तर वाक्य चुकतं.

ऐकतानाची एक अडचणही इथंच सांगतो. बोलताना ‘वुड हॅव’ घाईत ‘वुडव’ असं कानावर पडतं आणि मुलं ते ‘वुड ऑफ’ लिहितात. असं काही इंग्रजीत नाही. तसंच ‘आयड’ ऐकू आलं तर ते ‘आय हॅड’ की ‘आय वुड’ हे पुढच्या क्रियापदावरून ठरवा. तिसरं रूप आलं तर ‘हॅड’, मूळ रूप आलं तर ‘वुड’. ‘आयड गॉन’ आणि ‘आयड गो’, दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहा.

टप्पा ६ : हाताला वळण

ही सहा वाक्यं. आधी शेपटी, मग अट, मग परिणाम. उत्तरं झाकून ठेवा.

१. उद्या नळाला पाणी आलं तर टाकी भरून ठेव.
२. आमच्या घराला गच्ची असती तर आम्ही उन्हाळ्यात वर झोपलो असतो.
३. गड्ड्याच्या यात्रेला लवकर निघालो असतो तर अक्षता सोहळा चुकला नसता.
४. शेंगाची चटणी ओल्या बरणीत ठेवली तर खराब होते.
५. त्यानं माफी मागितली तरी मी जाणार नाही.
६. कागदावर सही होत नाही तोपर्यंत ट्रक सोडू नका.

उत्तरं :

पहिलं, शेपटी ‘बघू’ : ‘इफ द वॉटर कम्स टुमॉरो, फिल द टँक.’ सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून इथं ‘इफ’. तुमच्या भागात उद्याचा दिवस ठरलेला असेल तर ‘व्हेन’ लिहा.

दुसरं, ‘पण नाहीये’ : ‘इफ अवर हाउस हॅड अ टेरेस, वी वुड स्लीप देअर इन समर.’ इथं सर्वांत जास्त मुलं ‘वुड हॅव स्लेप्ट’ लिहितात. गच्ची आजही नाही आणि यंदाचा उन्हाळाही खालीच काढायचा आहे, म्हणून सेकंड. ते जुनं घर विकून झालं असेल तर मात्र शेपटी ‘पण नव्हती’ होते, आणि वाक्य थर्डमध्ये जातं.

तिसरं, ‘पण निघालो नाही’ : ‘इफ वी हॅड लेफ्ट अर्ली, वी वुड नॉट हॅव मिस्ड द अक्षता सेरेमनी.’

चौथं, ‘दर वेळी असंच’ : ‘इफ यू कीप पीनट चटणी इन अ वेट जार, इट स्पॉइल्स.’ मराठीत ‘ठेवली’ आहे म्हणून ‘केप्ट’ लिहिलं असेल, तर दुसरा टप्पा पुन्हा वाचा.

पाचवं : ‘आय विल नॉट गो इव्हन इफ ही अपॉलजाइझेस.’ परिणाम आधी, म्हणून स्वल्पविराम नाही.

सहावं : ‘डू नॉट लेट द ट्रक लीव्ह अनटिल द पेपर्स आर साइन्ड.’ ‘आर नॉट साइन्ड’ लिहिलं असेल तर ‘नॉट’ खोडा आणि वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा.